तुमच्या जोखमीच्या तक्त्यात कुंपणाबाहेरची माणसं कुठे आहेत?

एका ऊर्जा कंपनीच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ

महोदय, महोदया,

यंदाचा तुमचा वार्षिक अहवाल ईमेलवर आला. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले तुमचे मोजके शेअर माझ्या नावावर आहेत, त्यामुळे तो दर वर्षी येतो. लाभांश किती, एवढं बघून तो मिटवणारे बरेच असतील. मी पर्यावरणाचा भाग आधी वाचतो, कारण माझं घर चेंबूरच्या वाशी नाक्याला आहे आणि वारा नैऋत्येचा असला की तुमच्या आवारातला वास आमच्या स्वयंपाकघरात येतो.

यंदाच्या अहवालात एक रंगीत तक्ता आहे. कंपनीपुढच्या जोखमी लाल, पिवळ्या आणि हिरव्या चौकटींत मांडल्या आहेत. कच्च्या मालाचे भाव लाल. सरकारी धोरणातले बदल लाल. न्यायालयीन दावे आणि कंपनीच्या प्रतिमेला बसणारा धक्का पिवळ्यात. अगदी तळाशी, हिरव्या चौकटीत, ‘स्थानिक समुदाय’. शेजारी एका ओळीचा खुलासा: सामाजिक उपक्रमांमुळे संबंध सलोख्याचे, जोखीम कमी.

ही ओळ वाचून मला गप्प बसवेना.

तुमचं नाव मी इथे घेत नाही. नाव घेतलं की वाद नावावर होतो आणि मुद्दा बाजूला पडतो. शिवाय माहुलपासून ट्रॉम्बेपर्यंतच्या पट्ट्यात तेल शुद्ध करणारे, साठवणारे आणि वीज बनवणारे तुम्ही एकटे नाही. हे पत्र ज्याला लागू पडतं त्याने ते आपल्या नावावर आलं असं समजावं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे हा कोणी उठसूट पत्रं लिहिणारा माणूस आहे असं वाटायला नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत तिथेच. गॅस अॅनालायझर, प्रेशर ट्रान्समीटर, लेव्हल गेज, यांच्यातच आयुष्य गेलं. बायकोचं माहेर माहुल गावातलं. मेव्हणा अजून खाडीत मासेमारीला जातो. तेव्हा कारखाना आतून कसा चालतो ते मला ठाऊक आहे, आणि बाहेरून कसा सोसावा लागतो तेही. कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. या शहराला पेट्रोल लागतं, वीज लागते, आणि माझ्या घरची चूलही गॅसवरच पेटते.

तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे. त्यात प्रश्न एकच विचारलेला दिसतो: बाहेरच्या जगामुळे कंपनीचं काय बिघडू शकतं? कंपनीमुळे बाहेरच्यांचं काय बिघडू शकतं, हा प्रश्न कुठेच नाही. आम्ही मोर्चा काढला, न्यायालयात गेलो, गेटवर बसलो तर आम्ही जोखीम. घरात बसून खोकत राहिलो तर चौकट हिरवी.

याचा पुरावा तुमच्याच अहवालात आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्याच्या नमुन्यात तक्रारींचा एक तक्ता असतो: कामगार, ग्राहक, भागधारक, पुरवठादार, आणि समुदाय. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती बाकी आहेत. समुदायापुढे तुम्ही लिहिलंय: शून्य.

आता हे शून्य कसं तयार होतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या भागात सडक्या अंड्यांसारखा उग्र वास सुटला. लोक खिडक्या लावून घेत होते, शेजारच्या खोलीतला मुलगा ओकत होता. फ्लेअरची, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या उंच नळीवरची, ज्योत नेहमीपेक्षा खूप वर गेली होती आणि जेट विमानासारखी घरघर चालू होती. तुमच्या संकेतस्थळावर जो आपत्कालीन नंबर दिलाय तो मी लावला. बऱ्याच वेळाने एकाने उचलला. मी विचारलं, हायड्रोजन सल्फाइडचा अॅनालायझर किती दाखवतोय? तो म्हणाला, “साहेब, सगळं नॉर्मल आहे.” कुंपणाजवळचा की युनिटमधला? “सगळं नॉर्मल आहे.” बरं, तक्रार नोंदवून घ्या आणि नंबर द्या. त्यावर तो बिचारा खरं बोलला: “साहेब, नंबर द्यायची सिस्टीमच नाहीये आमच्याकडे.”

नंबर द्यायची सिस्टीम नाही, म्हणजे तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून शून्य. शून्य, म्हणून हिरवी चौकट. त्या रात्री आमच्या चाळीतूनच किती फोन गेले असतील, आणि गवाणपाडा, आंबापाडा, विष्णुनगरमधून किती! फोन उचलणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने सांगितलं. पण ज्यांनी त्या शून्यावर सही केली त्यांना तो आकडा खटकायला हवा होता. इतक्या मोठ्या कारखान्याला एवढ्या दाट वस्तीत वर्षभरात एकही तक्रार येत नाही, हे तुम्हाला पटतं तरी कसं?

आणखी एक. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. कारखान्यात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. वस्तीत कोणालाच कोणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे सगळे म्हणतात, “वास गेला, चला झोपा.”

दुसरी तक्रार मोजमापाची. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण माझा जन्म यातच गेला.

तुमच्या गेटवर हवेचे आकडे दाखवणारा मोठा बोर्ड आहे. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, धूलिकण. आकडे बहुतेक वेळा मर्यादेच्या आत असतात आणि ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण चिमणीत बसवलेलं यंत्र चिमणीतून जे जातं तेवढंच मोजतं. आम्हाला त्रास होतो तो बराचसा चिमणीतून येतच नाही. तो येतो टाक्यांच्या तरंगत्या छपरांच्या कडेच्या सीलमधून, पंपांच्या ग्लँडमधून, व्हॉल्व्हच्या दांड्यांपाशी, फ्लँजच्या, म्हणजे पाइपांच्या सांध्यांच्या, जुन्या गॅस्केटमधून, टँकर भरायच्या गँट्रीवर झाकण उघडलं की निघणाऱ्या वाफांतून, सांडपाण्याच्या उघड्या हौदांवरून. व्हीओसी, म्हणजे हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं, म्हणतात ती हीच. त्यांत बेंझीन असतं, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतल्या बेंझीनची मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

ही गळती पकडायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक फ्लँजला, प्रत्येक व्हॉल्व्हला बिल्ला लावायचा, हातातलं यंत्र घेऊन माणसाने एकेकापाशी जाऊन हुंगत फिरायचं, मर्यादेपेक्षा जास्त दिसलं की ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करायचं आणि पुन्हा तपासायचं. तेलशुद्धीकरणाच्या २००८ च्या मानकांतही हे आलेलं आहे. कंटाळवाणं काम आहे. उन्हात, शिडीवर, हजारो सांधे. म्हणून बऱ्याच ठिकाणी ते एखाद्या ठेकेदाराला दिलं जातं आणि वर्षअखेरीला छान बांधलेला रिपोर्ट येतो. तुमच्या अहवालात त्यावर एकच वाक्य आहे: गळती शोध व दुरुस्ती कार्यक्रम नियमितपणे राबवला जातो. किती सांधे तपासले? किती गळके निघाले? किती दिवसांत दुरुस्त झाले? तेच तेच सांधे पुन्हा गळतात का? आम्ही जी हवा श्वासात घेतो तिची खरी गोष्ट या चार आकड्यांत आहे आणि ते चारही तुमच्याकडे असणार.

सरासरीचं तर विचारूच नका. चोवीस तासांची सरासरी काढली की रात्री दोन ते चारचा लोट बाकीच्या बावीस तासांत विरघळून जातो. दम्याच्या मुलाला धाप लागते ती त्या दोन तासांत. म्हणून माझी मागणी साधी आहे: दर पंधरा मिनिटांचा कच्चा आकडा दाखवा, आणि यंत्र बंद होतं किंवा कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) होतं ती वेळही दाखवा. आम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांना एक सवय असते. आलेख फार गुळगुळीत दिसला की आधी यंत्राकडे बघायचं. खरी हवा कधी सपाट रेषेत वाहत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं बसवायला सांगितली. तेलशुद्धीकरण आणि औष्णिक वीज दोन्ही त्यात येतात. म्हणजे तुमचे आकडे मंडळाच्या सर्व्हरला जातातच. जे दिल्लीला आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सायनच्या कार्यालयाला दिसतं ते कुंपणाला लागून राहणाऱ्याला सहज दिसू नये, याला कारण काय?

माहुलची हवा कशी आहे हे आता फक्त आमचं म्हणणं राहिलेलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला तिथल्या हवेपासून धोका असल्याचं म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांना माहुलला पाठवण्याऐवजी दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या, असा आदेश सरकारला दिला. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने या भागातल्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली, आणि त्या निकालाच्या मुळाशी हेच व्हीओसीचं प्रकरण होतं. हे सगळं सार्वजनिक नोंदीत आहे. ज्या भागात माणसं राहायला पाठवू नका असं न्यायालय म्हणतं, त्याच भागातल्या माणसांपुढे तुम्ही ‘जोखीम कमी’ लिहिता.

“कारखाना आधी आला, वस्ती नंतर,” हे उत्तर तुमच्याकडून खाजगीत नेहमी ऐकायला मिळतं. ते अर्धवट आहे. तेलशुद्धीकरण कारखाने इथे १९५४-५५ च्या सुमारास आले. माहुलचा कोळीवाडा त्याच्या कितीतरी आधीचा. प्रकल्पग्रस्तांच्या इमारती नंतर झाल्या हे खरं, पण त्या लोकांनी हौसेने इथे घरं घेतली नाहीत. त्यांना इथे आणून टाकलं. सरकारचा तो दोष सरकारच्या माथी आहेच. पण गळक्या सीलमधून निघणारी वाफ कोण आधी आलं ते विचारून फुफ्फुसात शिरत नाही.

तिसरी गोष्ट अपघाताची. इथे मला खरंच भीती वाटते.

दर सोमवारी सकाळी तुमचा भोंगा वाजतो. चाचणीचा. आमच्याकडे बायका त्यावर डबे भरतात. पण खरा भोंगा वाजला तर करायचं काय? घरात बसून दारं-खिडक्या लावायच्या की बाहेर पडायचं? बाहेर पडायचं तर कुठल्या दिशेला? गॅस सुटला तर वाऱ्याबरोबर पळायचं नसतं, वाऱ्याला आडवं निघायचं असतं, हे मी सांगू शकतो. पण वारा कुठला हे दाखवणारी कापडी नळी तुमच्या आवारात, भिंतीच्या आत, आतल्या लोकांना दिसेल अशी लावलेली आहे. आणि पळायचा रस्ता म्हणजे माहुल रोड, ज्याच्या कडेला टँकर रांगेने उभे असतात. अग्निशमनाची गाडी वळताना काय कसरत होते ती एकदा प्रत्यक्ष येऊन बघा.

८ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी माहुलमधल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, ४० हून अधिक कामगार जखमी झाले. आमच्या इमारतीतले लोक भूकंप समजून खाली उतरले. काय झालं ते टीव्हीवरून कळलं. पुढच्या वर्षी, ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी, खाडीपलीकडे उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली आणि चार जण गेले. त्यात आग विझवायला गेलेले सुरक्षा दलाचे जवानही होते. ती आग पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात लागली होती. टाकीत नाही, भट्टीत नाही, नाल्यात. कारखान्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो तो इथे, कारण नाला भिंत ओलांडून बाहेर जातो.

कायद्यात यावर काही नाही असं नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आलं: घातक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती द्यायची. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्यांना काय करावं आणि काय करू नये हे आधीच कळवायचं असतं. १९९६ च्या नियमांत जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट नेमायला सांगितलं आहे, आणि लोकांना शिकवणं हेही स्थानिक गटाचं काम आहे. एवढे कायदे असूनही माझ्या मजल्यावरच्या एकाही घरात असा कागद आलेला नाही. तुमच्या दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड मात्र सोसायटीच्या फलकावर वेळेवर लागतं.

मॉक ड्रिल होतात, त्यांचे फोटो अहवालात आहेत. फोटोत सगळे हेल्मेटवाले. कुंपणाबाहेरचा माणूस एकाही फोटोत नाही. तुमचेच कंत्राटी कामगार आमच्या गल्लीत राहतात. पाळीवर असताना त्यांच्या खिशाला गॅस डिटेक्टर असतो, आठ तासांच्या मर्यादा ठरलेल्या असतात. पाळी संपवून घरी आले की तेच ‘स्थानिक समुदाय’ होतात, हिरव्या चौकटीतले. त्यांची मुलं तर चोवीस तास इथेच असतात. मुलांसाठी कुठलीही पाळी संपत नाही.

आता खाडी. मेव्हणा शिकलेला नाही, पण पाण्यावरचा तवंग बघून कुठल्या नाल्यातून आलाय ते सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात, आवार धुऊन निघतं तेव्हा, पाण्यावर इंद्रधनुष्यी साय येते. पुढचे काही दिवस बोय मासा असो की चिंबोरी, चुलीवर ठेवलं की घासलेटचा वास सुटतो. बाजारात गिऱ्हाईक नाकाला लावून परत ठेवतं, आणि मग ते म्हावरं फुकट वाटावं लागतं किंवा परत पाण्यात टाकावं लागतं. त्या दिवसाचं डिझेल, बर्फ, मजुरी कोणाच्या हिशेबात? तुमच्या अहवालात ‘सांडपाण्याची गुणवत्ता मानकांनुसार’ एवढं आहे. पण ते प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्याचं. पावसाच्या पाण्याबरोबर जे जातं त्याची मोजणी कोण करतं?

आणि हे पाणी जातं कुठे? ठाणे खाडीच्या पट्ट्यात. खाडीचा वरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर क्षेत्रांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. तुमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर गुलाबी फ्लेमिंगो आहेत. फोटो सुंदर आहे. भरती-ओहोटी अभयारण्याची हद्द ओळखत नाही, एवढंच.

मच्छीमारांचं नुकसान मोजता येत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये हरित लवादाने उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटींची भरपाई ठरवली आणि ती बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांच्यात वाटून दिली. तिथली कारणं वेगळी होती, खाडीत भराव टाकून पाण्याची वाट अडवली होती. पण कोळ्याच्या बुडालेल्या कमाईचा हिशेब कागदावर मांडता येतो, हे त्या निकालाने दाखवलं.

या सगळ्यावर तुमचं उत्तर अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. शिलाई मशीन, शाळेची दप्तरं, बसायचे बाक, आरोग्य शिबिर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि तुम्ही करता. त्याबद्दल कुरकुर नाही, दप्तर मुलांच्या उपयोगाला येतंच. पण ते शिबिर मी बघितलंय. डोळे तपासले, चष्मे दिले, रक्तदाब बघितला. फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची साधी नळी कुठे दिसली नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आम्हाला दिलेल्या यादीत ती तपासणी नाही. यादी कोणी केली?

दान आणि जोखीम हाताळणं ही दोन वेगळी खाती आहेत. तुम्ही एका खात्यातली पावती दुसऱ्या खात्यात लावता, आणि तक्त्यातली चौकट हिरवी होते.

अहवालात पाच-सहा ठिकाणी ‘आम्ही सर्व लागू नियमांचे पालन करतो’ असं आहे. नियम किती लवचीक असतात ते तुम्ही आम्हाला सांगायला नको. औष्णिक वीज केंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ ला नवी मानकं आली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना धुरातला सल्फर काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ती अजून लागू आहे, म्हणून मुंबईतल्या केंद्रांची त्यातून सुटका नाही, हे आमचं नशीब. मनात आणलं तर नियमाच्या आधीही करता येतं. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा १९८० च्या दशकातच आली. मनात नसेल तर काय लागतं तेही आपण पाहिलंय: डहाणूत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमावं लागलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याच्या डोक्यावर बसले, तेव्हा कुठे २००७ मध्ये तिथल्या केंद्राला ही यंत्रणा बसली. तुम्हाला ट्रॉम्बेच्या वाटेने जायचंय की डहाणूच्या, हे तुम्हीच ठरवा.

शून्य कार्बनच्या तुमच्या वचनाबद्दल मी फार लिहीत नाही. वचनात दिलेल्या वर्षापर्यंत मी असेन की नाही सांगता येत नाही. फक्त एक विचारतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा पाऊस आणि वरून मोठी भरती आली तर टाक्यांभोवतीच्या बांधांत साचलेलं पाणी कुठे सोडणार? तुमच्या तक्त्यात पुराची चौकट आहे, पण तिथे विम्याचं कवच एवढंच उत्तर आहे. विमा टाकीची किंमत देईल. त्या पाण्यातून तेल वस्तीत आलं तर?

मागण्या अशा आहेत.

एक, तक्रारीला नंबर द्या. फोन, मेसेज, गेटवरची वही, कशानेही येऊ दे. काय केलं ते तीन दिवसांत कळवा. महिन्याची यादी गेटवर लावा. पुढच्या अहवालात खरा आकडा छापा. तो मोठा असला तरी आम्हाला त्याची लाज वाटणार नाही, तुम्हालाही वाटू नये.

दोन, कुंपणाच्या चारही बाजूंना बेंझीन आणि हायड्रोजन सल्फाइड सतत मोजणारी यंत्रं लावा आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवा. यंत्राची देखभाल बाहेरच्या एखाद्या संस्थेकडे द्या, जिचं बिल तुमच्या उत्पादन विभागाच्या हातात नसेल. गळती तपासणीचे वर सांगितलेले चार आकडे दर तिमाहीला जाहीर करा.

तीन, फ्लेअर मोठी पेटवायची असेल किंवा पेटवावी लागली असेल तर तासाभरात वस्तीला मेसेज करा: का, किती वेळ, काय काळजी घ्यायची. कारखाना बंद आणि पुन्हा चालू करायच्या तारखा तुम्हाला आधी माहीत असतात.

चार, अपघात झाला तर काय करायचं याचं एक पान मराठी, हिंदी आणि उर्दूत घरोघर द्या, शाळांमध्ये शिकवा, वर्षातून एकदा तरी ड्रिल कुंपणाबाहेर करा, आमच्यासह. वाऱ्याची नळी बाहेरून दिसेल अशी उंच लावा. माहुल रोडवर तुमच्या मालासाठी आलेले टँकर उभे राहणार नाहीत याची जबाबदारी तुमची; “ते वाहतूकदारांचं बघा” हे उत्तर नको.

पाच, पावसाच्या पाण्याच्या नाल्यांवर तेल पकडणारे सापळे आणि मोजणी बसवा, आणि पावसाळ्याआधी त्यांची पाहणी माहुल-ट्रॉम्बेच्या मच्छीमार सोसायट्यांच्या माणसांना बरोबर घेऊन करा.

सहा, शिबिरात फुफ्फुसांची तपासणी ठेवा. दर वर्षी, त्याच माणसांची, महापालिकेच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून. नावं गुप्त ठेवून निष्कर्ष जाहीर करा. उत्तर काय येईल याची धास्ती असेल तर ती तपासणी जास्तच गरजेची आहे.

सात, पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत द्यायचे असतात. तुम्ही ते संकेतस्थळावर टाकता, तिरपे स्कॅन केलेले, इंग्रजीत, शोधता न येणारे. ते वाचता येतील असे, मराठी सारांशासह टाका.

आणि तो तक्ता. पुढच्या वर्षी त्यात दुसरा स्तंभ घाला: कंपनीमुळे बाहेरच्यांना असलेली जोखीम. रंग कुठला द्यायचा ते आम्हाला विचारून ठरवा.

तुमची वार्षिक सभा ऑनलाइन असते. भागधारकाला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि बहुतेक वेळ अभिनंदनात जातो. मी यंदा वक्ता म्हणून नाव नोंदवलं आहे. अध्यक्षांना तयारीला वेळ मिळावा म्हणून माझे प्रश्न आधीच देतो: गेल्या वर्षी समुदायाकडून आलेल्या तक्रारी शून्य कशा मोजल्या, आणि वरच्या सातपैकी कुठल्या मागण्या या आर्थिक वर्षात पूर्ण करणार? उत्तर मराठीत द्यावं. सभेनंतर ते मी माहुल गावच्या आणि आमच्या सोसायटीच्या फलकावर लावणार आहे.

आपला,
एक भागधारक आणि शेजारी
वाशी नाका, चेंबूर, मुंबई